लाकडी भिंतींच्या जुन्या तरणतलावाची दुरुस्ती : आठ महिन्यांच्या वापरानंतर

थेऊरजवळच्या आमच्या शेतघरात ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल तरणतलाव आहे. कॅनडात बरीच वर्षे काढलेल्या काकांनी तो तिकडच्या पद्धतीने बांधून घेतला होता. जमिनीत खड्डा, कडेने औषध मुरवलेल्या प्लायवूडच्या भिंती, त्यांना मागून उभ्या वाशांचा आधार आणि आतून व्हिनाइलचे अस्तर अशी त्याची रचना आहे. यात पाणी धरून ठेवते ते अस्तर. लाकडाचे काम माती अडवण्याचे. पुण्यातल्या ज्या ठेकेदारांना तो दाखवला, त्या प्रत्येकाने पाच मिनिटांत ‘उपटा आणि काँक्रीट करा’ असे सुनावले. आम्ही ते ऐकले नाही आणि मार्चमध्ये दुरुस्ती काढली.

त्याआधी फेब्रुवारीत बादलीचा प्रयोग केला होता. तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवून, आतल्या आणि बाहेरच्या पातळीवर खुणा करून पंप चोवीस तास बंद ठेवला. बादलीतले पाणी ६ मिलिमीटर उतरले आणि तलावातले २० मिलिमीटर. वरचे १४ मिलिमीटर म्हणजे दिवसाला सुमारे २५० लिटर पाणी कुठेतरी मुरत होते. पुढे पातळी स्किमरच्या, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खिडकीच्या, तोंडाखाली गेल्यावर गळती आपोआप थांबली, तेव्हा चोर सापडला. स्किमरच्या चौकटीचे रबर कडक होऊन चिरले होते आणि झिरपणारे पाणी भिंतीमागे साचत होते. तिथे पेचकस टोचला तर तो लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत गेला. हातभर अंतरावर मात्र लाकूड ठणठणीत होते. इतकी वर्षे आम्ही दोष अस्तराला देत होतो.

भरलेल्या तलावातले पाणी भिंतीला आतून रेटा देत असते, त्यामुळे तो रिकामा करण्यापूर्वी समोरासमोर बल्ल्यांचे टेकू तयार ठेवावे लागतात. काळी माती उन्हाळ्यात आकसून भिंतीपासून सुटते आणि पावसात फुगून भिंत आत ढकलते, म्हणून हे काम वळवापूर्वीच उरकायला हवे. बाहेरून खणून एका वेळी दोनच फळ्या बदलल्या. नवे प्लायवूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आयएस ७१० प्रतीचे, म्हणजे पाण्यात टिकणारे मरीन प्लायवूड आणले, कापलेल्या प्रत्येक कडेला तांबेयुक्त लाकूडरक्षकाचे दोन हात दिले आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे वापरले, कारण तांब्याच्या औषधाने साधे लोखंड लवकर गंजते. मागे काळी माती परत न भरता खडी टाकली आणि तळाशी छिद्रांची पाईप उताराकडे काढली. माझ्या मते खरी दुरुस्ती ती हीच.

राखणदाराने कुजक्या फळ्या बंबासाठी मागितल्या होत्या. त्या दिल्या नाहीत. जुन्या लाकडात ताम्र, क्रोम आणि आर्सेनिक मुरवलेले आहे, आणि ते जाळल्यास विष धुरातही जाते आणि राखेतही उरते. हेच द्रावण अमेरिकेत आणि कॅनडात २००३च्या अखेरीस घरगुती वापराच्या लाकडातून बाद झाले.

तक्रार एकच, आणि ती भिंतींच्या कामानंतर अस्तर बसवणाऱ्याबद्दल आहे. अस्तर भिंतीला नीट चिकटावे म्हणून मागची हवा ओढून घेतात आणि पाणी स्किमरजवळ पोहोचल्यावरच त्याचे भोक कापतात. त्याने घाईत भोक आधी कापले, हवा परत शिरली आणि उथळ बाजूला दोन सुरकुत्या कायमच्या राहिल्या. त्या खाचांत शेवाळ धरते आणि क्लोरीन योग्य असूनही दर आठवड्याला ब्रश मारावा लागतो.

पावसाळ्याची मात्र मला धास्ती होती. जुलैत सलग पाऊस झाला तेव्हा पाईपमधून करंगळीएवढी धार वाहत होती आणि भिंतीशी लावलेला ओळंबा हलला नाही. नोव्हेंबरात बादली पुन्हा ठेवली, तर दोन्ही खुणा सारख्याच उतरल्या. उत्तरेकडची भिंत खर्च वाचवण्यासाठी न उघडता सोडली होती. तिच्या तळपट्टीत पेचकस आता जेमतेम दोन मिलिमीटर जातो, तरी येत्या मार्चमध्ये ती बाजूही खणायची ठरवले आहे.