शेपटीतली तार काढा, मगच लेकरांना द्या

परभणीच्या दुकानांत अस्वल, ससे आणि मोटू-पतलूच्या पलीकडं काही मिळत नाही, म्हणून भाचीसाठी हे झाडावरच्या कांगारूचं कापडी खेळणं ऑनलाइन मागवलं. ८४९ रुपये, डिलिव्हरी फुकट, खोका चेपलेला.

आधी चांगलं सांगतो. बनवणाऱ्यानं प्राणी नीट बघितलाय. हे न्यू गिनी बेटावरच्या डोंगरी जंगलातलं गुडफेलोचं वृक्ष-कांगारू. तांबूस-तपकिरी अंग, पाठीवरून उतरणारे दोन सोनेरी पट्टे, शेपटीवर पिवळसर वळी, सगळं जागच्या जागी. मागचे पाय जमिनीवरच्या कांगारूसारखे लांबलचक नाहीत. आखूड, रुंद आहेत आणि वेगवेगळे हलतात. हेही बरोबर, कारण फांदीवर हे एकेक पाय टाकत चालू शकतं. जमिनीवरचं बिचारं उड्याच मारतं. भाचीनं लगेच त्याला पलंगाच्या कठड्यावरून चालवलं.

आता शेपूट. आत तार घालून ती फांदीला वेटोळं करून दिलीय. भाची म्हणाली, "मामा, वानराची शेपूट तर नुसती लोंबते, यानं कामून गुंडाळली?" घ्या! आमच्या चिंचेवरची वानरं बघून लेकराला कळलं ते कारखान्याला कळलं नाही. या प्राण्याला शेपटीनं फांदी पकडता येतच नाही, ती तोल सांभाळायला असते. त्यात तारेचं टोक कापडातून बाहेर यायला लागलं. पक्कड घेऊन अख्खी तार ओढून काढली, दोन टाके मारले. आता शेपूट दिसायची तशी दिसते.

सोबतच्या कार्डावर 'मूळ देश : ऑस्ट्रेलिया' छापलंय. तिकडं क्वीन्सलँडमध्ये झाडावरच्या कांगारूंच्या दोन जाती आहेत खऱ्या, पण हे पट्टेवालं त्यातलं नव्हे. शिकार आणि जंगलतोडीनं ते धोक्यात आलंय, त्याबद्दल अवाक्षर नाही. क्यूआर कोड मात्र आहे, स्कॅन केला की ऑफर उघडतात.

पोटाची पिशवी खरीच उघडते, आत बोटाएवढं केसाळ पिल्लू. खरं नवजात पिल्लू केस नसलेलं, इवलंसं असतं; पण डोकं बाहेर काढण्याइतकं मोठं झालेलं समजा, म्हणजे चालतं.

आमच्या बोअरच्या जड पाण्यात धुतलं, रंग गेला नाही, केस जरा चिकटले. सेलमध्ये सहाशेच्या आत मिळालं तर जरूर घ्या. तीन वर्षांखालच्या लेकराला मात्र देऊ नका, डोळे नुसते चिकटवलेत.