हारकोर्ट स्ट्रीट स्टेशनसाठी २१ मिलिमीटरचे रूळ: सुटे भाग वापरून पाहिल्यावर

आयर्लंडमधलं एखादं जुनं स्टेशन छोट्या रूपात उभं करायचं मनात असेल, तर आधी रुळांचा विचार करा. आणि शक्य असेल तर तयार रूळ घेऊ नका. सुटे चेअर (रूळ स्लीपरवर धरून ठेवणारे छोटे आधार), रुळाच्या सुट्या सळ्या, प्लायवुडचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) आणि २१ मिलिमीटरचा धातूचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर राखायचं साधन, असं सामान मागवा. मी डब्लिनच्या हारकोर्ट स्ट्रीट स्टेशनच्या मॉडेलसाठी हेच केलं. हे परीक्षण त्या सामानाचं आहे, आणि स्टेशनाच्या दर्शनी भागासाठी घेतलेल्या एका लेझर-कट किटचंही. रुळांच्या सामानाला मी पाचपैकी पाच देते, किटला अडीच.

रुळांमधल्या अंतरावर मी एवढी का अडून बसले, ते आधी सांगते. आयर्लंडचा ब्रॉडगेज ५ फूट ३ इंचांचा, म्हणजे १६०० मिलिमीटरचा. सुरुवातीला इथे ज्याचा त्याचा गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर, वेगळा होता. १८३४ साली सुरू झालेली डब्लिन-किंग्जटाउन लाइन ४ फूट साडेआठ इंचांची होती, उत्तरेकडची अल्स्टर रेल्वे ६ फूट २ इंचांची आणि डब्लिन-ड्रॉहेडा लाइन ५ फूट २ इंचांची. शेवटी सरकारच्या वतीने मेजर जनरल पॅसली यांनी त्यात लक्ष घातलं, ५ फूट ३ इंच ठरले आणि १८४६च्या कायद्याने ते पक्के झाले. इथली बहुतेक जुनी स्टेशनं, पूल, प्लॅटफॉर्मच्या कडा या मापाभोवती बांधलेल्या आहेत.

मॉडेलच्या बाजारात मात्र आयरिश गाड्या बहुतेक सगळ्या डबल-ओ मापात येतात. म्हणजे गाडीचं प्रमाण १:७६.२, फुटाला ४ मिलिमीटर, पण रूळ १६.५ मिलिमीटरचा. हिशेब करून बघा. ४ मिलिमीटरने भागलं तर १६.५ म्हणजे ४ फूट दीड इंच. इंग्लंडच्या गाडीसाठी रूळ ७ इंचांनी अरुंद पडतो, तेवढं डोळा चालवून घेतो. आयर्लंडच्या गाडीसाठी तो साडेतेरा इंचांनी अरुंद पडतो, पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्तच. रुंद डब्याखाली असा आखडलेला रूळ मला बघवत नाही. ५ फूट ३ इंचांना ४ मिलिमीटरने गुणलं की बरोबर २१ येतात, एक कणही इकडे तिकडे नाही. इतकं स्वच्छ माप हाताशी असताना ते सोडायचं कशाला?

माझे वडील भुसावळला पीडब्ल्यूआय, म्हणजे रुळांची देखभाल बघणारे रेल्वेचे निरीक्षक, होते. लाइनवर गेले की गेज लावून बघणं हा त्यांचा रोजचा धर्म. ब्रॉडगेजवर गाडी कशी ऐसपैस बसते, ते माझ्या डोळ्यांत लहानपणापासून आहे. आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज याच प्रमाणात २२ मिलिमीटर होतो, आयरिशपेक्षा फक्त एक मिलिमीटर जास्त. म्हणून पुण्या-नाशकात बसून कुणाला भुसावळ किंवा मनमाड उभारायचं असेल, तर पुढे लिहिलेलं जवळजवळ सगळं त्यांनाही उपयोगी पडेल. चेअर तेच, रूळ तोच. गेज तेवढा २२चा लागेल.

आता स्टेशनाविषयी. मी डब्लिनच्या डंड्रम भागात राहते आणि कामाला जाताना लुआस या इथल्या ट्रामच्या ग्रीन लाइनने जाते. ही ट्राम जुन्या हारकोर्ट स्ट्रीट-ब्रे रेल्वेच्याच मार्गावरून धावते. मिलटाउनला डॉडर नदीवरचा नऊ कमानींचा जुना पूल आजही तिच्या पायाखाली आहे. रेल्वे बंद झाली ३१ डिसेंबर १९५८ला, ट्राम आली २००४मध्ये. शहराकडचं टोक म्हणजे हारकोर्ट स्ट्रीट स्टेशन. १८५९ सालचं, वास्तुविशारद जॉर्ज विल्किन्सन. विटांची मोठी मधली कमान, दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटच्या खांबांची ओळ. इमारत अजून उभी आहे, समोरून ट्राम जाते.

मॉडेल करणाऱ्यासाठी हे स्टेशन म्हणजे देणगीच आहे. राजधानीतलं टर्मिनस, पण प्लॅटफॉर्म एकच. खऱ्या १०० मीटरना या प्रमाणात साधारण १ मीटर ३१ सेंटिमीटर लागतात, त्यामुळे डब्लिनच्या भाड्याच्या घरात मावेल असं टर्मिनस शोधायचं तर याच्याशिवाय दुसरं मला तरी सापडलं नाही. शिवाय रूळ रस्त्यापेक्षा बरेच उंच आहेत, खाली दारू साठवण्याची तळघरं होती. म्हणजे बोर्डाच्या पुढच्या कडेला नुसती काळी पट्टी न मारता रस्ता, भिंत आणि तळघरांची दारं दाखवता येतात. मागे हॅच स्ट्रीटची भिंत. १४ फेब्रुवारी १९०० रोजी एनिसकॉर्थीहून आलेली गुरांची गाडी थांबलीच नाही. इंजिन ती भिंत फोडून बाहेर आलं आणि रस्त्यावर लोंबकळत राहिलं. त्या इंजिनाच्या चालकाला, विल्यम हायलंडला, आपला हात गमवावा लागला. ती भिंत मी सगळ्यात आधी बांधली, कारण तिच्यापाशी रूळ कुठे संपतो त्यावर बाकीच्या सगळ्याचं माप ठरतं.

आता सामान. रूळ बुलहेड जातीचा, म्हणजे तळाशी सपाट पाय नसलेला आणि चेअरमध्येच बसणारा; कोड ७५, म्हणजे उंची इंचाचे ७५ सहस्रांश, दोन मिलिमीटरला जरा कमी. चेअर प्लॅस्टिकचे, साच्यातून काढलेले. आणि हे चेअर बघून मी खरंच हरखून गेले. रूळ जागेवर घट्ट धरणारी लाकडी पाचर, बोल्टची डोकी, सगळं त्या नखाएवढ्या तुकड्यात आहे. रंग दिल्यावर पाचर वेगळी उठून दिसते. तयार रुळांमध्येही हल्ली चांगले बुलहेड मिळतात, पेको या कंपनीचा डबल-ओ बुलहेड दिसायला सुरेखच आहे, पण तो १६.५चा. आयरिश मापात तसा रूळ स्वतः घडवूनच मिळतो.

पद्धत अशी. टेम्प्लॉट नावाच्या प्रोग्रॅममध्ये आपला आराखडा काढायचा. हा प्रोग्रॅम रूळ घडवणाऱ्यांसाठीच बनलेला आहे. त्यात गेज आपल्या मनाचा भरता येतो, वळण हवं तसं ओढता येतं, आणि सांधा (एका रुळातून दुसरा फुटतो ती जागा) वळणावर आला तरी त्याची टंग रेल (सरकणारा टोकदार रूळ), क्रॉसिंग (रूळ एकमेकांना छेदतात ती जागा), चेक रेल (चाक वाटेवर ठेवणारा शेजारचा जादा रूळ) सगळं गणित करून कागदावर खऱ्या मापात छापून देतो. शिकायला सवड काढावी लागते, पण एकदा हात बसला की दुसरं काही वापरावंसं वाटत नाही. छापलेला कागद बोर्डावर चिकटवायचा, त्यावर स्लीपर. चेअर रुळाच्या सळीत एकेक ओवायचे, सळी स्लीपरांवर ठेवायची, गेज लावायचा आणि ब्रशच्या टोकाने ब्यूटॅनोन या द्रावकाचा एक थेंब प्रत्येक चेअरच्या बुडाशी सोडायचा. प्लॅस्टिक क्षणभर विरघळतं आणि प्लायवुडच्या रेषांत शिरून बसतं. वाळल्यावर ओढून निघत नाही. खिडकी उघडी ठेवा, वास उग्र आहे आणि डोकं धरतं.

गेज दोन प्रकारचे येतात, दोन्ही घ्या. एक सरळ रुळासाठी रोलर. दुसरा तीन टेकूंचा. वळणावर या तीन टेकूंच्या गेजमुळे दोन रुळांमधलं अंतर आपोआप किंचित वाढतं, जितकं वळण तीव्र तितकं जास्त. खऱ्या लाइनवरही वळणावर गेज थोडा सैल ठेवतात, वडिलांच्या तोंडून मी ते शेकडो वेळा ऐकलंय. पितळी तुकड्यात ते इतक्या साधेपणाने बसवलेलं बघून मी व्हिडिओ कॉलवर त्यांना दाखवलं. ऐंशी ओलांडलेल्या माणसाने चष्मा वर सारून, तो गेज कॅमेऱ्याजवळ आणायला लावून, नीट पाहिला आणि विचारलं, “चेक रेलला किती सोडलंस?” त्या प्रश्नाचं उत्तर टेम्प्लॉटच्या छापील कागदावर होतं, ते मी वाचून दाखवलं.

उणं काय? मी ज्या छोट्या विक्रेत्याकडून हे मागवलं, त्याने चेअरच्या पाकिटांवर डावं-उजवं लिहिलेलं नव्हतं. पाचर कोणत्या दिशेला ठोकलेली आहे त्यावर ते ठरतं, आणि सोबतच्या कागदात याविषयी एक ओळही नाही. भिंग घेऊन वेगळे करावे लागले. नवख्या माणसाचा इथेच धीर सुटेल. सामान अव्वल आहे म्हणून मी गुण कापत नाही, पण छापील सूचना सुधारायलाच हव्यात.

आणखी एक गोष्ट विकत घेण्याआधी माहीत हवी. २१ मिलिमीटर निवडलेत की दुकानातून आणलेली कोणतीही गाडी थेट रुळावर ठेवता येणार नाही. प्रत्येकीची चाकं बदलून लांब आसाची बसवावी लागतील. मालडब्यांना हे सोपं आहे, प्रवासी डब्यांच्या बोगींनाही, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटींनाही, जमतं. वाफेच्या इंजिनात मात्र चाकांवरची आवरणं, सिलिंडर, जोडदांडे सगळं आड येतं. म्हणूनच मी १९५०चं दशक निवडलं. शेवटच्या वर्षांत इथे सीआयई या आयर्लंडच्या सरकारी वाहतूक कंपनीच्या हिरव्या एईसी डिझेल रेलकार (स्वतःच्या इंजिनाने धावणारे डबे) धावत, त्यांना दोन बोगी बदलल्या की काम झालं. डब्लिन अँड साउथ ईस्टर्न रेल्वेचं १९२२ साली बेयर पीकॉकने बांधलेलं २-६-० (पुढे दोन छोटी आणि मागे सहा मोठी चाकं) इंजिन, पुढे ४६१ क्रमांकाने ओळखलं गेलेलं आणि आजही जपलेलं, ते मला फार करायचंय. ते पुढे बघू.

आता किट. एका घरगुती कार्यशाळेने या स्टेशनाचा दर्शनी भाग एमडीएफ आणि पुठ्ठ्यात कापून विकायला ठेवला आहे. खिडक्या उत्कृष्ट. काचेच्या चौकटींच्या पट्ट्या केसासारख्या बारीक, एकही तुटलेली नाही, चौकोन काटकोनात. विटांचं कोरीव काम नेमक्या खोलीचं आहे, रंगाच्या एका पातळ थरानंतरही सांधे दिसतात. फिक्या राखाडी रंगात बुडवलेलं फडकं वरून फिरवलं की चुना भरल्यासारखा दिसतो.

पण खांब! किटमध्ये खांब सपाट आहेत. पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या आणि त्याला खांब म्हणायचं. प्रत्यक्ष इमारतीसमोर उन्हाच्या वेळी उभं राहून पाहा. त्या दर्शनी भागाचं सगळं सौंदर्य खांब आणि मागची भिंत यांच्यामधल्या सावलीत आहे. खांब गोल नसतील आणि भिंतीपासून सुटे नसतील, तर ती इमारत हारकोर्ट स्ट्रीट राहत नाही, कुठल्याही गावची कचेरी होते. मी पुठ्ठ्याचे खांब बाजूला ठेवले, प्लॅस्टिकच्या गोल कांड्या कापल्या, वर-खाली चौकोनी तुकडे लावले आणि मागची भिंत मागे सरकवली. ग्रॅनाइटसाठी फिकट राखाडीवर टूथब्रशने पांढरा, काळा आणि अगदी थोडा तपकिरी असे शिंतोडे दिले. विक्रेत्याने खांब वेगळे, गोल करून दिले तर याच किटला मी साडेचार देईन, आणि तसं त्यांना लिहूनही कळवलंय. आज घ्यायचं असेल तर खिडक्या आणि विटांसाठी घ्या.

संदर्भासाठी पैसे खर्च करू नका. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीत ओ’डे संग्रह आहे. जेम्स ओ’डे यांनी १९३०च्या दशकापासून पुढची तीसेक वर्षं रेल्वेचे फोटो काढले. ते घरबसल्या, फुकट बघता येतात. स्लीपरांच्या वर खडी किती आली होती, तेलाचे डाग कुठे पडत, गवत कुठे माजलं होतं, हे आराखड्यात नसतं, फोटोतच मिळतं. रुळांची मांडणी जुन्या पंचवीस इंची (मैलाला पंचवीस इंच) ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशांवरून घ्या. इमारतीचं किट बनवणाऱ्यांनीही हे फोटो एकदा शांतपणे पाहावेत, असं मला मनापासून वाटतं.

मागवताना ध्यानात ठेवायचं ते एवढं. ब्रिटनमधून आयर्लंडला येणाऱ्या पार्सलवर आता इथला २३ टक्के व्हॅट लागतो. विक्रेता तो आधीच किमतीत धरतो का, ते विचारून घ्या, नाहीतर कुरियरवाला दारात व्हॅटबरोबर स्वतःचा हाताळणी आकारही मागतो. सळ्या कडक नळीतून पाठवायला सांगा, पाकिटातून आल्या तर वाकलेल्या मिळतील. ब्यूटॅनोन ज्वालाग्राही आहे, ते टपालाने येत नाही, इथल्याच दुकानातून घ्या. आणि तीन टेकूंचे गेज दोन मागवा. सळी दोन ठिकाणी धरून ठेवल्याशिवाय मधले चेअर सरळ रेषेत चिकटत नाहीत.