दाराशी खरा भोपळा, फोमचा भोपळा की फुगणारं भूत?

सप्टेंबर संपत आला की इथे न्यू जर्सीत किराणा दुकानांबाहेर मोठमोठ्या खोक्यांत केशरी भोपळ्यांचे ढीग लागतात. नवीन आलेल्या मराठी घरांतून मग दरवर्षी तोच प्रश्न येतो: पोरं शाळेतून हट्ट घेऊन आलीत, हॅलोविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला पोरं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात त्या सणाला, दारात मांडायचं तरी काय? आमच्याकडे तिन्ही प्रकार होऊन गेलेत. माझ्या मते, निवड पैशांवरून करू नका. तुमच्याकडे जागा किती आहे आणि दिवाळी कोणत्या तारखेला येतेय, हे आधी बघा.

खऱ्या भोपळ्यापासून सुरुवात करते, कारण माझं मन तिथेच आहे. भोपळा पोखरायचा, त्यावर चेहरा कोरायचा आणि आत दिवा ठेवायचा. आयर्लंडमध्ये असे दिवे मुळात सलगमासारख्या कंदांत कोरत. तिथून आलेल्या लोकांना अमेरिकेत भोपळा मिळाला, आकाराने मोठा आणि पोखरायला कितीतरी सोपा. पण कोरायचा भोपळा वेगळा आणि खायचा वेगळा. खोक्यांत बहुतेक ‘हाउडन’ किंवा त्याच्यासारखे वाण असतात. देठ जाड, उभं राहायला बूड सपाट, आणि आतला गर रेषाळ, पाणचट. पहिल्या वर्षी मी हौसेने त्याचेच घारगे करायला घेतले. किसाचं पाणी आटता आटेना, गूळ घातल्यावर तर आणखीच सुटलं, आणि पीठ घालत घालत शेवटी जे तळलं गेलं ते कुणी दुसऱ्यांदा मागितलं नाही. घारग्यांसाठी ‘शुगर पाय’ नावाचा छोटा गोल भोपळा आणा. मोठ्याच्या बिया मात्र धुऊन, तेल-मीठ-तिखट चोळून ओव्हनमध्ये भाजा, फार छान लागतात.

कोरताना वरचं झाकण तिरकं कापायचं, सुरी आतल्या बाजूला कलती धरून. सरळ कापलं तर ते आत पडतं. माझी पद्धत उलटी आहे: बुडाला भोक पाडते, तिथूनच सगळं खरवडते आणि भोपळा दिव्यावर टोपीसारखा ठेवते. देठ शाबूत राहतो आणि दिवा लावायला हात आत घालावा लागत नाही. पहिला वार नवऱ्याचा. आख्खा भोपळा बाईने आधी चिरायचा नाही, हे सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर बजावलं होतं. त्याने एक चीर पाडली आणि सोफ्यावर जाऊन बसला, पुढचे दोन तास माझे.

खऱ्या भोपळ्याची खोड एकच, तो टिकत नाही. न कापलेला भोपळा थंड, कोरड्या जागी महिनाभर सहज राहतो. कोरलेला तीन दिवसांपासून फार तर आठवडाभर. ऑक्टोबरात इथे मधेच उकडतं, मग आतून काळी बुरशी धरते आणि चेहरा म्हाताऱ्यासारखा आत ओढला जातो. खारी कुरतडतात ते वेगळंच. म्हणून भोपळे महिन्याच्या सुरुवातीला आणा, तसेच पायरीवर मांडा आणि २९ तारखेच्या आधी सुरी लावू नका. ३० ऑक्टोबरच्या रात्री ते घरात घ्या. न्यू जर्सीत ती ‘मिस्चिफ नाइट’. वात्रट पोरं घरांवर अंडी मारतात, भोपळे रस्त्यावर आपटतात.

फोमचा भोपळा खऱ्याच्या काही पट महाग, पण एकदा घेतला की पुढची कित्येक वर्षं तोच. दिवसा जवळून बघितला तर खोटेपणा लगेच कळतो. अंधारात आत दिवा लागला की कुणी ओळखत नाही. कापताना बारीक भुसा उडतो, तेव्हा बाहेर बसा आणि नाकावर मास्क लावा. आत मेणबत्ती किंवा पणती कधीच ठेवू नका, फोम पेट घेतो. बॅटरीचा दिवा हवा. वाऱ्याने गडगडतो म्हणून तळाशी दगड ठेवा. अपार्टमेंटात राहत असाल आणि दार बंद कॉरिडॉरमध्ये उघडत असेल, तर माझ्या दृष्टीने हाच पर्याय. आणखी एक उपयोग: दाराशी हिरवट-निळा भोपळा दिसला की या घरी खाऊऐवजी पेन्सिली, स्टिकर मिळतात, हे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या पोरांच्या आईबापांना कळतं. फोमला तो रंग एकदा दिला की झालं.

फुगणारी भुतं, म्हणजे आतल्या पंख्याच्या हवेवर उभे राहणारे कापडी पुतळे, यांबद्दल फार लिहीत नाही. स्वतःचं अंगण, बाहेर प्लग आणि गराजमध्ये जागा असेल तरच त्या वाटेला जा. आतला पंखा सतत चालू लागतो; बंद केला की दिवसा गवतावर वाळत घालायचं धोतर पडल्यासारखं दिसतं. खुंट्या आणि दोऱ्या नीट नसतील तर वादळात ते शेजाऱ्याकडे. पावसाचं पाणी आत साचतं, आणि ओलंच गुंडाळून ठेवलं तर पुढच्या वर्षी पेटी उघडताच कुबट वास. टाउनहाऊस असेल तर सोसायटीची नियमावली आधी वाचा. आम्ही वाचली नव्हती आणि चौथ्या दिवशी पत्र आलं. होम डेपो या दुकानसाखळीने २०२० साली २९९ डॉलरला आणलेला १२ फुटी सांगाडा फुगणारा नाही, पण तोही असाच जागा खाणारा. गंमत खरी, पण उरलेले अकरा महिने तो कुठे झोपणार? आणि कापसाचं कोळ्याचं जाळं झुडपांवर अजिबात ताणू नका, त्यात पक्षी अडकतात. लावायचंच तर खिडकीच्या आतून.

आता दिवाळी. २०२५ मध्ये ती हॅलोविनच्या आधी येऊन गेली. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे कोरलेला भोपळा तोवर कंपोस्टमध्ये गेलेला असेल आणि न कोरलेला खुशाल पणत्यांशेजारी बसेल. खरी तारांबळ २०२४ ला झाली. इथलं लक्ष्मीपूजन नेमकं ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी. रांगोळीशेजारी दात विचकणारं तोंड नको म्हणून आम्ही भोपळा फिरवून त्याची पाठ रस्त्याकडे केली आणि तिच्यावर हळदीकुंकवाचं बोट लावलं. आरतीच्या मध्यात बेल वाजली, दारात एक डायनासोर आणि दोन चेटकिणी. लेक टोपलं घेऊन पळाली, जाता जाता भोपळा सरळ केला, कँडी दिली आणि परत फिरवला. साडेआठपर्यंत असं निदान बारा वेळा झालं. फुगणारं भूत असतं तर पंखाच बंद करून ठेवावा लागला असता.