हंगेरीची नाणी टपालाने मागवताना : तीन पावसाळ्यांचा अनुभव

मालवणात राहून परदेशी नाण्यांचा संग्रह करायचा म्हणजे टपालखात्यावर भिस्त ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. नाण्यांचे प्रदर्शन पाहायचे तर कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागते, आणि तिथेही हंगेरीची नाणी बहुधा ‘पूर्व युरोप’ अशी चिठ्ठी लावलेल्या एकाच डब्यात पोलंड-रुमानियाच्या नाण्यांबरोबर पडलेली असतात. म्हणून गेली तीन वर्षे मी घाटावरच्या एका विक्रेत्याकडून १९४६ नंतरची हंगेरियन नाणी स्पीड पोस्टाने मागवत आहे. आजवर अकरा पार्सले आली आणि त्रेसष्ट नाणी जमली. या विक्रेत्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते अशा कोणत्याही टपाली विक्रेत्याकडून काय मिळावे आणि कोकणात राहणाऱ्या ग्राहकाने काय पारखून घ्यावे याविषयी आहे.

सेवेची पद्धत साधी आहे. दर महिन्याला व्हॉट्सॲपवर यादी येते. प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र, वर्ष, धातू, अवस्था आणि किंमत तीत दिलेली असते. मागणी नोंदवून पैसे पाठवले की आठवड्याच्या आत पार्सल आमच्या पोस्टात येऊन पडते. परंतु या यादीचे खरे मोल तिच्या मांडणीत आहे. बहुतेक विक्रेते नाणी मूल्यानुसार लावतात, म्हणजे सगळी एक फोरिंटची (फोरिंट हे हंगेरीचे चलन) एकत्र, सगळी पाच फोरिंटची एकत्र. या गृहस्थांनी ती नाण्यावर कोरलेल्या देशाच्या नावानुसार लावली आहेत, आणि आधुनिक हंगेरीचा संग्रह करणाऱ्याला याहून चांगली वाट दाखवणे शक्य नाही असे माझे मत आहे.

याचे कारण असे की एकाच देशाने पाऊणशे वर्षांत आपल्या नाण्यांवर आपले नाव तीनदा बदलले. आरंभीच्या फोरिंट नाण्यांवर ‘हंगेरी प्रजासत्ताक’ असे नाव आहे. १९४९ पासून ‘हंगेरी लोकप्रजासत्ताक’ हे नाव आले आणि राजचिन्हात हातोडा व गव्हाची लोंबी उमटली. साम्यवादी राजवटीविरुद्धच्या १९५६ च्या उठावानंतर, १९५७ पासून, ते चिन्ह जाऊन तिरंगी ढालीचे चिन्ह आले, नाव मात्र तेच राहिले. साम्यवादी राजवट संपल्यावर १९९० पासून ‘लोक’ हा शब्द गळून पुन्हा नुसते ‘प्रजासत्ताक’ उरले. १ जानेवारी २०१२ ला नवी राज्यघटना लागू झाली, तेव्हापासून नाण्यांवर केवळ ‘मग्यारोर्साग’, म्हणजे हंगेरी, एवढेच लिहिलेले असते. ज्याला हंगेरियन भाषेचा गंधही नाही त्यानेही नाण्यावर कोरलेल्या नावातील दुसरा शब्द ‘नेप’ या अक्षरांनी सुरू होतो की नाही एवढे भिंगातून पाहिले, तरी नाणे १९४९ ते १९८९ या काळातले आहे की नाही हे कळते. ‘नेप’ म्हणजे लोक. मला हे या यादीनेच शिकवले.

संग्रहाचा आरंभ १९४६ पासून का करावा, हेही येथे सांगितले पाहिजे. १ ऑगस्ट १९४६ रोजी फोरिंट चलनात आला. त्याआधीच्या वर्षभरात पेंग्यो हे जुने चलन असे कोसळले की एका फोरिंटला चारावर एकोणतीस शून्ये इतके पेंग्यो असा भाव ठरवावा लागला. जगाच्या ज्ञात इतिहासात याहून मोठी चलनवाढ झालेली नाही. तशा अवस्थेतून उठलेल्या देशाने पहिल्याच वर्षी १८४८ च्या क्रांतीचे नेते लायोश कोशुत यांच्या मुद्रेचे पाच फोरिंटचे चांदीचे नाणे पाडले, वजन वीस ग्रॅम आणि चांदी हजारात ८३५ भाग. दुसऱ्याच वर्षी तेच नाणे बारा ग्रॅमवर आले आणि त्यातील चांदी हजारात ५०० भागांवर उतरली. १९४७ चे नाणे मला मिळाले आहे. १९४६ चे अधिक दुर्मीळ असून त्याची जागा माझ्या अल्बममध्ये अजून रिकामी आहे.

लोकप्रजासत्ताकाच्या काळातील लहान नाणी ॲल्युमिनियमची आहेत आणि ती स्वस्त मिळतात, प्रत्येकी तीस-चाळीस रुपयांच्या आत. दोन फिलेरचे (फिलेर म्हणजे फोरिंटचा शंभरावा भाग) नाणे मध्यभागी भोक असलेले आणि फुंकर मारली तर उडेल इतके हलके आहे. दहा फिलेरवर पारवा आहे आणि वीस फिलेरवर गव्हाच्या लोंब्या. पन्नास फिलेरवर बुडापेस्टचा एर्झेबेत पूल आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४५ मध्ये, तो उडवून दिला गेला, १९६४ मध्ये नव्या रूपात खुला झाला आणि १९६७ पासून नाण्यावर आला. माझ्या मते सगळ्या फिलेर नाण्यांत हेच सर्वांत देखणे आहे. नवशिक्याने महागड्या नाण्यांच्या मागे न लागता येथूनच सुरुवात करावी.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी आलेली मालिका मात्र मनात घर करते. दोन फोरिंटवर हंगेरीच्या दक्षिणेकडील सारशोम्ल्यो टेकडीवर हिवाळा सरताना फुलणारे कोल्चिकमचे फूल आहे, वीस फोरिंटवर हंगेरियन आयरिसचे फूल, पन्नास फोरिंटवर सेकर जातीचा ससाणा, आणि पाच फोरिंटवर मोठा बगळा. हा बगळा तिकडे निसर्गसंरक्षणाचे चिन्ह मानला जातो. खाजणात भरतीच्या पाण्याकडे मान रोखून उभा असलेला तोच पक्षी रोज पाहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला, सव्वादोन सेंटिमीटरही रुंदी नसलेल्या त्या पिवळ्या नाण्यावर त्याची वळलेली मान प्रथम दिसली, तेव्हा झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. दहा फोरिंटचे नाणे हाती आले तर राजचिन्हावरील मुकुट दहापट भिंगाखाली अवश्य पाहावा. मुकुटाच्या माथ्यावरील क्रूस एका बाजूला कललेला दिसेल. तो टांकसाळीचा दोष नव्हे. हंगेरीच्या पवित्र मुकुटावरील क्रूस खरोखरच वाकलेला आहे आणि चित्रातही तो तसाच दाखवतात.

स्मरणार्थ काढलेली पण व्यवहारात फिरणारी नाणीही या विक्रेत्याकडे वाजवी भावात मिळाली : २००२ चे कोशुत यांचे शंभर फोरिंट, २००३ चे एकोणिसाव्या शतकातील मुत्सद्दी फेरेन्स देआक यांचे वीस फोरिंट, युरोपीय संघातील प्रवेशाचे २००४ चे आणि १९५६ च्या उठावाच्या पन्नाशीचे २००६ चे पन्नास फोरिंट. एक आणि दोन फोरिंटची नाणी १ मार्च २००८ पासून व्यवहारातून गेली आणि २००९ मध्ये बुडापेस्टच्या साखळी पुलाचे दोन धातूंचे दोनशे फोरिंटचे नाणे आले, एवढे ध्यानात ठेवले की यादीतील वर्षांचा मेळ बसतो.

आता तक्रारी. पहिली अवस्थेविषयीची. १९४७ चे पाच फोरिंट ‘न वापरलेले’ म्हणून आले. छायाचित्रात ते लख्ख दिसत होते. खिडकीपाशी नेऊन तिरप्या उजेडात धरले तेव्हा कोशुत यांच्या गालावरून आणि मोकळ्या पृष्ठभागावरून एकाच दिशेने गेलेल्या केसाएवढ्या बारीक रेषा दिसल्या. नाणे कोणीतरी पावडरीने घासले होते. मी कळवल्यावर विक्रेत्याने वाद न घालता ते परत घेतले, टपालखर्च स्वतः सोसला आणि तीन आठवड्यांनी दुसरे पाठवले, ज्यावरील काळसर छटा अस्सल आहे. वागणूक चांगली होती, पण चूक व्हायला नको होती. चांदीचे नाणे मागवताना तिरप्या उजेडातील छायाचित्र आधी मागून घ्यावे, असा नियम मी तेव्हापासून पाळतो.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. पहिली चार पार्सले मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत आली आणि मीही ती नाणी अज्ञानाने तशीच ठेवली. आमच्याकडे आषाढात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तिथे नाण्यांची काय कथा! गणपतीच्या आधी अल्बम उघडला तर वीस फोरिंटच्या तीन नाण्यांवर हिरवट, चिकट थर आला होता आणि एका फिलेरवर पांढरे टिपके उठले होते. मऊ पीव्हीसीतून झिरपणारी द्रव्ये पितळेतील तांब्यावर असा परिणाम करतात, आणि खारी दमट हवा ॲल्युमिनियमला खाते. शुद्ध ॲसिटोनमध्ये न घासता बुडवून ठेवल्यावर हिरवा थर गेला, परंतु एका आयरिसच्या पाकळीवर खड्डा राहिला तो राहिलाच. विक्रेत्याला सांगितल्यावर त्याने माझी पार्सले पुठ्ठ्याच्या, मायलर (पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म) खिडकीच्या चौकटींत पाठवायला सुरुवात केली. इतर ग्राहकांना अजून मऊ पाकिटेच जातात, हे मला पटत नाही. कोरड्या हवेच्या गावात ते काही काळ चालेल. किनाऱ्यावर एकही पावसाळा चालणार नाही.

त्यानंतरची व्यवस्था अशी आहे : प्रत्येक नाणे मायलरच्या चौकटीत, सगळ्या चौकटी घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डब्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी. मृग लागण्यापूर्वी आणि नंतर दर पंधरा दिवसांनी मी रंग पाहतो आणि खडे ओलावल्याचे दिसले की मंद ओव्हनमध्ये सुकवून घेतो. गेल्या दोन पावसाळ्यांत एकाही नाण्यावर नवा डाग नाही.

किमतींबद्दल बोलायचे तर साधी चलनी नाणी रास्त दरात मिळतात, पण टांकसाळीचे वार्षिक संच मला महाग वाटले. संचातील नाणी निष्कलंक असतात हे खरे, तरी सुटी नाणी नाव, चिन्ह आणि वर्ष ताडून एकेक जमवताना जे कळते ते बंद संच विकत घेऊन कळत नाही. अपवाद एकच : काही वर्षांची काही नाणी केवळ संचासाठी पाडलेली असतात, ती हवी असतील तर संचावाचून उपाय नाही.

सध्या १९४६ चे कोशुत आणि १९९२ चे दोनशे फोरिंटचे चांदीचे नाणे, या दोन्हींची मागणी मी नोंदवून ठेवली आहे. पार्सल मात्र दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावरच पाठवावे, असे विक्रेत्याला कळवले आहे.