क्वीन्स गार्डनचं आदिवासी संग्रहालय: शाळेने न्यावं का, आणि कसं?

पुणे स्टेशनपासून जवळ, क्वीन्स गार्डनमध्ये आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय आहे. संस्था १९६२ची. सहलीच्या यादीत शनिवारवाड्याच्या बरोबरीने हे नाव असायलाच हवं. २०११च्या जनगणनेनुसार राज्यात साधारण अकरा माणसांमागे एक आदिवासी आहे, आणि शहरातल्या मुलाला त्यांच्याबद्दल माहीत काय, तर वारली चित्र!

म्हणून सुरुवात वारलीपासूनच करावी. गोल फेर धरून नाचणारी माणसं चित्रकलेच्या तासाला सगळ्यांनीच काढलेली असतात. त्या फेराच्या मध्ये एक जण तारपा वाजवतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि मेण यांतून बनलेलं हे वाद्य मुलांना दाखवा, म्हणजे फेर कुणाभोवती फिरतो ते कळतं. पालघट देवीचा लग्नचौक, म्हणजे लग्नात घराच्या भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र, सुवासिनी 'लिहितात', तांदळाच्या पिठाने. तो शोभेसाठी नसतो, त्याच्याशिवाय लग्न लागत नाही. मग बोहाड्याचे, म्हणजे सोंगं नाचवण्याच्या उत्सवाचे, मुखवटे. जव्हार-मोखाड्याकडे ते नाचवतात, त्यांत देव असतात. 'भूत, भूत' असा ओरडा होण्याआधीच हे सांगून ठेवावं.

भेट फसते ती तीन कारणांनी. एकदम शंभर मुलं आत सोडली, तर मागच्यांना फक्त पुढच्यांची डोकी दिसतात. वीस-पंचवीसची तुकडी आणि दीड तास, हे प्रमाण ठेवा. दुसरं, 'जोड्या लावा' छापाची प्रश्नपत्रिका: मुलं पाट्या उतरवतात, वस्तूकडे बघतच नाहीत. त्यापेक्षा प्रत्येकाला एकच वस्तू नेमून द्या. ती कशाची आहे, तो माल कुठून येतो, कोण बनवतं, आज वापरात आहे का, एवढे चार प्रश्न पुरे.

तिसरं कारण सगळ्यांत वाईट. 'हे लोक असे राहायचे' असं शिक्षक भूतकाळात बोलतात. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबं आजही हिरडा गोळा करून विकतात. मुळशीत कातकरी वस्त्या आहेत. ही नावं जिल्ह्याच्या नकाशावर दाखवा. वर्गात आदिवासी मूल असेल, तर 'तू सांग बरं' म्हणून त्याला उभं करू नका. स्वतःहून बोललं, तर मात्र सगळ्यांनी ऐकावं.

दुसऱ्या दिवशी इतिहासाचा तास याला जोडावा: इंग्रजांविरुद्ध बंड करणारे महादेव कोळी राघोजी भांगरे यांना ठाण्यात फाशी झाली २ मे १८४८ रोजी, म्हणजे सत्तावनच्या उठावाच्या नऊ वर्षं आधी. हे ऐकून मुलं प्रश्न विचारू लागतात.

सहावी ते नववीला उत्तम. त्याहून लहानांना फक्त वाद्यं आणि मुखवटे दाखवा. जाण्याआधी संस्थेला शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्यावं. सुट्टीचे दिवस आणि फोटोची परवानगी तेव्हाच विचारून घ्यावी.