पलावानचं चाओलाँग: रस्सा झकास, पाव गार

लेक फिलिपिन्समध्ये दावावला मेडिकलला आहे. तिच्या सुट्टीत तिघं तिथल्याच पलावान बेटावर गेलो. पुएर्तो प्रिन्सेसा शहरात ट्रायसिकलवाल्याला “जेवायला कुठे?” विचारलं, तर त्याने थेट एका चाओलाँगच्या, म्हणजे रस्सा-शेवयांच्या टपरीपुढे उतरवलं. पत्र्याचं छप्पर, प्लास्टिकच्या खुर्च्या.

वाडगा भलामोठा. तांदळाच्या शेवया, लालसर, जरा गोडूस रस्सा, पोर्क, वर मोड आलेले मूग, शेजारी गोटीएवढी कालामान्सी लिंबं. बीफही मिळतं, त्यामुळे ऑर्डर देताना नीट सांगा. सोबत फ्रेंच वळणाचा लांबडा पाव. तो रश्श्यात बुडवायचा हे मिसळीवर वाढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही! पण पाव गार. गरम करून मागितला, तर “हो हो” म्हणून तोच परत आला. तिखट शून्य, बाटलीतली मिरची ओतून घ्या.

व्हिएतनामीत ‘चाओ लोंग’ म्हणजे खरं तर आतडी-काळीज घातलेली पेज. इथे त्याच नावाने शेवया कशा? गल्ल्यावरच्या बाई हसल्या. त्या फिलिपिनो, कृती आईने व्हिएतनामी निर्वासितांच्या छावणीतल्या मैत्रिणीकडून उचललेली.

व्हिएतनाम सोडून बोटीने आलेल्यांची ती छावणी शहरातच, विमानतळाजवळ होती. १९८९ च्या जिनिव्हा परिषदेत ठरलं की यापुढे समुद्रातून आलेल्या प्रत्येकाची छाननी करायची; छळ सिद्ध झाला तर तिसऱ्या देशात, नाहीतर परत व्हिएतनामला. पुष्कळ जण नापास झाले. १९९६ मध्ये त्यांना जबरदस्तीने विमानात बसवायला सुरुवात झाली, तेव्हा चर्चने आवाज उठवला आणि राष्ट्राध्यक्ष रामोस यांनी ते थांबवलं. राहायची मुभा मिळाली, नागरिकत्व नाही. मग अमेरिकेने त्यांना घ्यायचं की नाही, घ्यायचं तर कुणाला, हे घोळत राहिलं. पहिली तुकडी लॉस एंजेलिसला उतरली २००५ साली. आपल्याकडे तलाठ्याच्या सहीला लागतो तो वेळ मला उगाच जास्त वाटायचा.

तोवर मंडळी काय करणार? पाव भाजले, शेवया विकल्या. बहुतेक जण गेले, वाडगा राहिला.

शहराबाहेर त्यांनी वसवलेलं व्हिएतव्हिलही पाहिलं. घरं बरीचशी ओस, उपाहारगृह मात्र चालू.

टपरीला पाचात चार. एक गुण पावाचा कापला. कार्ड चालत नाही, सुटे पेसो ठेवा.