टीएलडी बॅजची अनामत ५,९०० रुपये

मागच्या उन्हाळ्यात मी भाभा अणुसंशोधन केंद्रात (बीएआरसी) आठ आठवड्यांच्या इंटर्नशिपला निघाले होते. पोचले गेटपर्यंत. लातूर एक्स्प्रेसने पहाटे सीएसएमटी, तिथून हार्बरने मानखुर्द, पुढे रिक्षा. सोबत बाबा, एक सुटकेस आणि आईने दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. सीआयएसएफच्या जवानाने पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "बेटा, गाइड कौन है? कौनसी डिव्हिजन?"

माझ्याकडे पत्र होतं, तीन पावत्या होत्या, गेटपासचा बारकोड होता. गाइडचं नाव नव्हतं.

सुरुवात एम.एस्सी. फिजिक्सच्या ग्रुपवर आलेल्या फॉरवर्डने झाली. 'बीएआरसी समर इंटर्नशिप, मर्यादित जागा.' फॉर्म भरला आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला. पलीकडचे 'डॉक्टरसाहेब' अगदी शुद्ध मराठीत बोलत होते. म्हणाले, ही तुझी मुलाखतच समज. अप्सरा अणुभट्टी कधी सुरू झाली? मी म्हटलं १९५६. ध्रुव किती मेगावॅटची? १००. "व्हेरी गुड, सिलेक्टेड." स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही गाइडमधले हे प्रश्न, आणि मी त्या रात्री आनंदाच्या भरात झोपलेच नाही!

मग पैसे. आधी नोंदणीचे १,१८०. मग टीएलडी बॅजची अनामत ५,९००. शेवटी 'सुरक्षा पडताळणी आणि हॉस्टेल' म्हणून ११,८००. सगळ्या आकड्यांत १८ टक्के जीएसटी काटेकोर धरलेला, आणि त्यामुळेच ते मला खरे वाटले. एकूण १८,८८०. बाबांनी सोसायटीतून उचल घेतली.

त्या बॅजचं मला अजून वाईट वाटतं. किरणोत्साराच्या जागी काम करणारे लोक तो छातीवर लावतात. आत कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. किरणोत्साराची मात्रा जितकी मिळेल तितकी ऊर्जा त्या धरून ठेवतात आणि तापवल्या की उजेडाच्या रूपात सोडतात. त्या उजेडावरून मात्रा मोजतात. हे मी प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत घडाघडा सांगितलं होतं, गुणही चांगले मिळाले होते. ठरावीक मुदतीनंतर तो बॅज मोजणीसाठी परत जातो आणि त्याचा सगळा हिशेब संस्था ठेवते, हेही मला ठाऊक होतं. असली वस्तू विद्यार्थ्याला व्हॉट्सॲपवर कोण विकेल? त्यांनी बॅजचा फोटो पाठवला आणि मी पिन टाकला.

पैसे भरताना यूपीआयच्या पडद्यावर नाव आलं एका मोबाइल शॉपीचं. विचारलं तर म्हणाले, पेमेंटचं काम व्हेंडरकडे आहे. मेलच्या पत्त्यात बीएआरसी होतं, पण शेवटी जीमेल. खऱ्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असतं. पत्रावर तीन सिंह होते, खाली 'सत्यमेव जयते' नव्हतं. हिंदी नाव 'भाभा अणु अनुसंधान केंद्र' असं छापलेलं. मूळ आहे 'भाभा परमाणु अनुसंधान केंद्र'. हे सगळं मला परतीच्या गाडीत, वरच्या बर्थवर पडल्या पडल्या दिसलं. पत्र तेच होतं, डोळेही तेच.

पण त्यांची खरी हुशारी वेगळीच. पहिल्या पावतीबरोबर त्यांनी 'गोपनीयता करार' पाठवला. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याचा हवाला देऊन लिहिलं होतं की निवडीबद्दल कॉलेजात किंवा मित्रांत बोलायचं नाही, नाहीतर निवड रद्द. मला तर उलट अभिमान वाटला. आपण आता गुपित सांभाळणाऱ्यांतले! एचओडी सरांना सांगितलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. तसा तो नंतर झालाच. सर म्हणाले, "अगं, तिथे प्रोजेक्टला जायचं तर पत्र माझ्या सहीने जातं. आधी तिथला एखादा शास्त्रज्ञ गाइड व्हायला तयार व्हावा लागतो, मग पडताळणी, त्यात आठवडेच्या आठवडे जातात. तुझं चार दिवसांत कसं झालं?" टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) उन्हाळी कार्यक्रमात, व्हीएसआरपीत, निवड झालेल्या मुलांना उलट विद्यावेतन मिळतं, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तो गेटवरून आल्यावर, म्हणजे शेवटचे पैसे भरून सोळा दिवस झाल्यावर. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं उतरवून घेतलं आणि म्हणाल्या, त्याच दिवशी केला असता तर निदान रक्कम गोठवून पाहिली असती. खात्यात तोवर काही उरलं नव्हतं. सायबर पोलिसांनी चॅट आणि पावत्यांच्या प्रती मागितल्या. चॅट मी रागाने डिलीट केलं होतं. तेवढं करू नका. माझ्या तक्रारीला आता नुसते स्क्रीनशॉट आहेत, तेही बाबांना कौतुकाने पाठवले होते म्हणून त्यांच्या फोनमध्ये सापडले.

बाबा यावर एकदाही बोलले नाहीत. मानखुर्दच्या फलाटावर त्यांनी डबा उघडला, चटणी-भाकरी माझ्यासमोर धरली आणि विचारलं, "ती अणुभट्टी इथून दिसते का गं?" नाही दिसत, म्हटलं.

गेल्या आठवड्यात एका ज्युनिअरने मला एक जाहिरात दाखवली, खरी आहे का म्हणून. मजकूर शब्दाला शब्द तोच. जागा आता तमिळनाडूतलं कल्पाक्कमचं अणुकेंद्र आहे, आणि टीएलडी बॅजची अनामत जीएसटी धरून ७,०८०.